पहिल्या वर्षी बंदूक नको, स्टूल घ्या

पत्र: "ताई, मी मूळचा कराडकडचा. गेली आठ वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनात, मॅडिसनपासून तासाभरावर राहतो. वय ३९. एच-वन-बीवर आहे आणि ग्रीन कार्डाची रांग कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या शेजारी एक म्हातारे शेतकरी आहेत, दुधाचा धंदा करायचे. त्यांच्या शेताला लागून ओकचं रान आहे. ते म्हणतात, 'या नोव्हेंबरात तूही चल हरणाला.' मी मटण आवडीनं खातो, पण आयुष्यात कोंबडीसुद्धा कापलेली नाही. बंदूक पाहिली ती सिनेमातच. बायको म्हणते, घरात बंदूक आली तर मी इथे राहणार नाही. मुलगा सात वर्षांचा आहे. त्यात आई नोव्हेंबरात येतेय आणि ती माळकरी. मला मात्र मनापासून शिकायचंय. कोणती बंदूक घेऊ? सुरुवात कुठून करू? आणि आईला काय सांगू?"

बंदुकीचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारलात, तो मी तूर्त बाजूला ठेवते. त्याच्या आधी व्हिसाचं बोलू. आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही, आणि शेजारच्या आजोबांना ते माहीत असण्याचं काही कारण नाही.

एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. काडतूससुद्धा नाही. कायद्यात अपवाद मोजकेच आहेत. आपल्या कामाचा एकच: कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असेल तर चालतं. 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. आजोबांनी प्रेमानं स्वतःची रायफल तुमच्या हातात दिली तरी ते बाळगणंच. म्हणून परवाना खिशात येईपर्यंत रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरसुद्धा, बंदुकीला हात लावू नका. परवान्याची मुदत संपली की ही सवलतही संपते, मग कपाटातली बंदूक तुमच्या गळ्यातलं लोढणं होते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अट उरत नाही, पण तोवर रांगेतल्या माणसानं असला डाग लावून घेऊ नये. तुमच्या कंपनीचा इमिग्रेशन वकील असेलच, त्याला एक मेल टाका. माझं ऐकून थांबू नका.

आता सुरुवात. विस्कॉन्सिनात १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना काढायचा तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. एक पळवाटही आहे: जाणत्या शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरावर राहणार असाल तर कोर्स न करता 'मेंटॉर्ड' परवाना मिळतो. ती घेऊ नका. कोर्स करा, आणि जमलं तर वर्गात बसून करा. माझ्या वर्गात बारा-तेरा वर्षांची पोरं होती आणि मी ४४ वर्षांची मावशी. बंदुकीचं कुलूप उघडायला मला जितका वेळ लागला तितक्यात शेजारच्या पोरीनं तिची बंदूक उघडून, तपासून, खाली ठेवूनही दिली होती. लाज वाटली. पण नळीकडे बघायची जी भीती मनात होती ती त्या चार संध्याकाळी गेली, आणि तिच्या जागी दुसरी, कामाची भीती आली. तिथे चार नियम घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते पक्कं ठाऊक हवं, आणि बार काढायचा क्षण येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे, म्हणजे डीएनआरचे, मोठ्या माणसांसाठी 'लर्न टू हंट' वर्गही असतात. त्यात मटण करण्यापर्यंत सगळं येतं. जागा पटकन भरतात.

कोर्स झाला, परवाना आला, तरी या नोव्हेंबरात बंदूक घेऊ नका. आजोबांबरोबर जा आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर बसा, हात रिकामे ठेवून. केशरी जाकीट तुम्हीही घालायचं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सीझन सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्यातले दोन दिवस त्यांच्याजवळ बसलात तरी पुरे. फक्त रान हाकायला जाऊ नका. आपल्याकडच्या हाकाऱ्याचीच ती गोष्ट, आणि इथला कायदा हाकणाऱ्यालाही शिकारीच धरतो.

रिकाम्या हातानं का, तर या सगळ्या प्रकरणात बार हा सगळ्यात छोटा भाग आहे. त्याच्या आधी आठ-दहा तास गप्प बसणं असतं आणि त्याच्यानंतर कोपरापर्यंत हात भरणं. यातलं एकही तुम्हाला झेपतं का, हे तुम्हाला आज माहीत नाही. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. केल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

माझे आजोबा राजापूरकडचे. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेताच्या राखणीच्या परवान्यावर. पारधीला गाव निघायचं तेव्हा निम्मे लोक हाकाऱ्याला आणि निम्मे वाटेवर दबा धरून. मी हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते सगळं थांबलं, थांबायलाच हवं होतं. पण घरात गोष्टी राहिल्या, आणि प्रत्येक गोष्टीत बाराचा आवाज एका ओळीत आटपायचा. पुढे मात्र वाट्यांचं वर्णन पानभर. बार ज्याचा त्याला कुठला वाटा, हाकाऱ्यांना कुठला, विधवेच्या घरी कुठला, कुत्र्यांना काय. लहानपणी मला कंटाळा यायचा. आता वाटतं, म्हातारा बरोबर जागी वेळ घालवत होता.

तिथे बंद आणि इथे सुरू, हे कसं, असं आई विचारेल. तुम्हालाही नीट माहीत असू द्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतही हरणं संपत आली होती, कारण मटण आणि कातडी बाजारात विकण्यासाठी बेसुमार मारली जायची. मग बाजार बंद केला. आजही रानातल्या हरणाचं मटण इथे विकता येत नाही. हॉटेलात मिळतं ते पाळलेल्या जनावराचं. १९३७ साली कायदा झाला, तेव्हापासून रायफल आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा (आज तो ११ टक्के आहे) पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून आधीच मारून संपवले होते, मक्याची शेतं वाढली, आणि पांढऱ्या शेपटीचं हे हरीण इतकं फोफावलं की आता दक्षिण विस्कॉन्सिनात माद्या मारायचे टॅग, म्हणजे एकेका हरणाची परवानगी, डीएनआर स्वतःच देतं. आपल्या सांबर-चितळाची गोष्ट अशी नाही. तेव्हा इथलं शिकून तिथे कुणाला सांगत बसू नका, आणि सुट्टीत गावी गेलात की कुणी 'चल, एक रात्र रानात' म्हणालं तर पाया पडून घरी या.

बंदुकीचं आता बोलते, पुढच्या वर्षासाठी. दुकानात गेलात की काउंटरवरचा माणूस तुम्हाला मोठी, महाग, दणका देणारी रायफल दाखवेल. नको. टू-फोर्टी-थ्री किंवा सेव्हन-एमएम-ओ-एट अशा कमी धक्क्याच्या, साध्या बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं खटका ओढायच्या, रायफली नवशिक्याला पुरतात. खांद्याला धक्का बसेल या भीतीनं माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि तिथेच हरीण जखमी होऊन पळतं. ओकच्या रानात नेम बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच असतो. तेवढ्या अंतरावर जेवणाच्या नव्हे, नाश्त्याच्या बशीएवढ्या गोलात दहापैकी दहा गोळ्या बसायला हव्यात. त्याही टेबलावर वाळूची पिशवी ठेवून नव्हे; बसून, गुडघ्यावर कोपर टेकून, थंडीचे हातमोजे घालून. ज्या दिवशी हे जमेल त्या दिवशी तुम्ही तयार. गोळी तांब्याची घ्या. शिशाची गोळी हाडावर फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मटणात जातात. घरात सात वर्षांचं पोर आहे म्हणून आवर्जून सांगते.

बायकोला बंदूक नकोच असेल तर आणखी एक रस्ता आहे. २०१४ पासून विस्कॉन्सिनात क्रॉसबोचा, म्हणजे चाप असलेल्या आडव्या धनुष्याचा, परवाना कुणालाही मिळतो. केंद्राच्या कायद्यात ती बंदूक धरत नाहीत, त्यामुळे व्हिसाची कटकट नाही, आणि सीझनही सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतो. अंतर मात्र तीस-चाळीस यार्डांच्या आत, त्यापुढे नाही म्हणजे नाही.

रानात काय करायचं ते आजोबा शिकवतील. दोन-तीन गोष्टी तेवढ्या मी सांगते, कारण जुन्या माणसांना त्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की बोलायच्या राहून जातात. वारा तुमच्या तोंडावर हवा. हरणाच्या नाकापुढे तुमची सगळी हुशारी शून्य आहे. केशरी रंग त्यांना आपल्यासारखा भडक दिसत नाही, म्हणून घाबरू नका. कमरेच्या वर निदान निम्मा कपडा भडक केशरी किंवा भडक गुलाबी असलाच पाहिजे, आणि टोपी घातलीत तर तीही. निळा मात्र त्यांना चांगला दिसतो, तेव्हा जीन्स घरी ठेवा. सुती बनियनही घरी. घामानं भिजलं की ते अंगावर बर्फ होतं. लोकरीचं घाला. आणि झाडावरच्या मचाणावर, म्हणजे ट्री स्टँडवर, पहिली दोन वर्षं चढूच नका. इथे शिकारीत हाडं मोडतात ती गोळीनं कमी, मचाणावरून पडून जास्त. पुढे चढलात तर जमिनीवरून पाय उचलण्याआधी अंगाला पट्टा बांधलेला हवा, आणि बंदूक रिकामी करून दोरीनं मागाहून वर ओढायची.

हद्दीचं एक. आजोबांचं रान कुठे संपतं ते त्यांच्याबरोबर पायी फिरून बघून घ्या, फोनच्या नकाशावर विसंबू नका. पाटी नसली म्हणून जमीन मोकळी नसते. २००४ च्या नोव्हेंबरात याच राज्याच्या वायव्येला, दुसऱ्याच्या जमिनीवरच्या मचाणात कोण बसला यावरून भांडण पेटलं आणि सहा शिकारी जीव गमावून बसले. त्या भांडणात एका बाजूला स्थलांतरित माणूस होता. आपला चेहरा पाहून कुणी वाकडं बोललं तरी त्या ठिकाणी बरोबर-चूक ठरवायचं नाही. बंदूक रिकामी करायची, 'सॉरी' म्हणायचं, निघून जायचं. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण मी माझ्या भाच्यालाही हेच सांगितलंय.

आता बारानंतरचं. माझी पहिली शिकार दुसऱ्या वर्षी झाली, एक मादी, साठेक यार्डांवर, आडवी उभी. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात गोळी गेली. ती उडी मारून गेली आणि मी उठणार इतक्यात माझ्या गुरुजींनी (निवृत्त टपालवाले, त्यांना मी मनातल्या मनात गुरुजीच म्हणते) माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. अर्धा तास. लगेच मागे गेलं तर जखमी हरीण उठून आणखी मैलभर पळतं. अर्ध्या तासानं ती उभी होती तिथे गेलो. बर्फावर गुलाबी, फेसाळ रक्त होतं. फेस म्हणजे फुफ्फुस. चाळीस पावलांवर ती पडलेली होती. काठीनं डोळ्याला हलकेच स्पर्श करून बघायचं, पापणी हलली नाही म्हणजे झालं.

मग हातमोजे, मग सुरी. तिची पाठ जमिनीला. पोटाची कातडी दोन बोटांमध्ये उचलून, सुरीची धार वरच्या बाजूला ठेवून बरगड्यांकडे न्यायची, म्हणजे कोथळा फुटत नाही. शेपटीखालचा भाग गोल सोडवायचा. मूत्राशयाला धक्का लागू द्यायचा नाही. छाती आणि पोटामधला पडदा कापायचा, आत कोपरापर्यंत हात घालून श्वासनळी चाचपायची, कापायची, आणि सगळं एकदम बाहेर ओढायचं. वाफ येते. बाहेर शून्याखाली पारा आणि आत हात भाजेल इतकं ऊन. त्या दिवशी माझी बोटं गारठून बधिर झाली होती ती तिच्या पोटात शेकली गेली. हे वाक्य मी आईला कधी सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी चुकले. संध्याकाळ होत आली होती, बक, म्हणजे नर, चालत होता, मी थांबायला हवं होतं आणि थांबले नाही. रक्त गडद होतं, त्यात हिरवट काहीतरी. म्हणजे पोटात लागली. अशा वेळी सहा-आठ तास मागे जायचं नसतं, म्हणून रात्र गेली. सकाळी सापडला तोवर कोयोट्यांनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांनी, मागची मांडी संपवली होती आणि उरलेलं वाया गेलं होतं. चूक फक्त माझी होती. ते वर्ष मी उरलेला सीझन स्टुलावर बसून काढला.

हरीण उचलून आणलं की काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत डीएनआरकडे नोंदवायचं, फोनवर होतं. आणि तुमच्या भागात तपासणी करायचीच. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणाच्या मेंदूचा रोग विस्कॉन्सिनात पहिल्यांदा सापडला तो २००२ साली, तुमच्या मॅडिसनजवळच्या माउंट होरेबच्या आसपास, आणि आजही राज्याच्या दक्षिण भागात तो जोरात आहे. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण सीडीसी, म्हणजे इथली केंद्राची आरोग्य संस्था, सांगते, लागण निघाली तर ते मटण खाऊ नका. शिजवून तो मरत नाही. डोकं मानेच्या थोड्या भागासकट ठरलेल्या पेटीत ठेवायचं, निकालाला दोनेक आठवडे धरा. तोवर मटण पाकिटं करून, तारीख घालून फ्रीझरमध्ये, आणि कुणालाही वाटायचं नाही. लागण झालेलं पाकीट एकही गेलं तर मग घरोघर फोन करत बसायची पाळी येते.

आता घरचं. बायकोला 'काही होत नाही गं' म्हणू नका. ती बरोबर बोलतेय. पहिल्या वर्षी घरात बंदूक येणारच नाही, पुढेही ती आजोबांच्या लोखंडी कपाटात राहील आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, हे तिला आजच सांगा. आणि कोर्सच्या वर्गाला तिलाही न्या. शिकार करायला नव्हे. घरातल्या दोघांनाही बंदूक रिकामी कशी करायची ते यायला हवं.

आईशी खोटं बोलू नका. माळकरी बाईला तुमच्या मटणाचं ठाऊक नाही असं तुम्हाला वाटतं का? ठाऊक आहे, तिनं फक्त स्वतःचं भांडं वेगळं ठेवलंय. तेच करा. तिच्या मुक्कामात हरणाचं काहीही तिच्या स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. फ्रीझर गॅरेजमध्ये ठेवा, सुरी वेगळी, कपडे बाहेर बदला. तिनं विचारलं तर सांगा, मी शेजाऱ्यांबरोबर रानात बसायला जातो. या वर्षी ते अक्षरशः खरं आहे. पुढच्या वर्षी ती कराडला असेल आणि तुम्ही फोनवर असाल, तेव्हाचं तेव्हा.

मटणाचंही विचाराल म्हणून सांगून टाकते. हरणाला अंगात चरबी जवळजवळ नसते, आणि वरवर जी पांढरी चरबी दिसते ती काढूनच टाका, गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. पाठीचं मटण तव्यावर दोन-दोन मिनिटं, नुसतं मीठ-मिरी. मांडी आणि खांदा मात्र आपल्या पद्धतीनं, कांदा-खोबऱ्याचं वाटण, मंद आचेवर, बोकडापेक्षा जास्त वेळ. कुकरच्या शिट्ट्या मोजून घाई केलीत तर दात दुखतील. पहिला वाटा आजोबांकडे न्या, शिजवून. रस्सा जरा बेतानं, तिखटाला सवय लागायला वेळ लागतो.

नोव्हेंबरच्या त्या शनिवारी तुमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. बार काढायला अर्धा तास आधीपासून परवानगी, आणि त्याच्याही आधी अंधारात जागेवर बसून रान पुन्हा शांत व्हायला हवं. म्हणजे गजर साडेचारचा. थर्मासमध्ये चहा न्या, पण वेलची घालू नका. माझ्या पहिल्या सकाळी मी झाकण उघडलं, गुरुजींनी नाक वर करून वारा कुठून येतोय ते पाहिलं, आणि काही न बोलता स्टूल उचलून वीस पावलं पलीकडे जाऊन बसले.